थांबवायचं की वाहू द्यायचं?

आमचा वाद एका बटणावरून आहे. जर्मन व्हिडिओ बघताना तो मध्येच थांबवावा की थांबवू नये? मी पुण्यात बी-२ आणि सी-१ या वरच्या पातळ्यांच्या वर्गांना जर्मन शिकवते आणि थांबवल्याशिवाय शिकणं होत नाही असं माझं ठाम मत आहे. ती माझी जुनी विद्यार्थिनी, मिरजेची. नर्सिंग करून माझ्याकडे बी-२पर्यंत शिकली आणि आता श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात काम करते. तिच्या मते सारखं थांबवण्यानेच आपल्या मुलांचं जर्मन अडखळतं. ती सुट्टीवर आली की हा विषय निघतोच. यंदा मात्र दोन्ही बाजू लिहून काढाव्यात असं वाटलं, कारण हा प्रश्न आता आम्हा दोघींपुरता उरलेला नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मनीला जाण्याची गोष्ट पुण्यामुंबईबाहेरच्या घरांतही बोलली जाऊ लागली. त्यातली जी मुलं बी-२च्या पुढे जातील त्यांच्यासमोर हेच येणार आहे. पाठ्यपुस्तकं संपली, आता काय बघायचं आणि कसं?

“मॅडम, बी-२चं प्रमाणपत्र घेऊन मी वॉर्डात गेले आणि पहिल्याच सकाळी एका आजोबांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं. पाणी हवंय की उशी, तेवढंसुद्धा मला कळलं नाही. आणि परीक्षेत ऐकण्याच्या भागात माझे गुण चांगले होते.”

“आजोबा श्वेबिश बोलत असतील. ती बोली आपण वर्गात शिकवत नाही.”

“श्वेबिशच बोलत होते. पण तरुण डॉक्टर प्रमाण जर्मन बोलायचे, तेही कुठे कळत होतं? आपल्या पुस्तकाबरोबरच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन माणसं स्टुडिओत बसून पाळीपाळीने बोलतात. एकाचं वाक्य पुरं झालं की मगच दुसरा सुरू करतो. वॉर्डात तिघं एकदम बोलतात, शब्द गिळतात, वाक्य अर्ध्यात सोडून देतात. ‘हाबेन वीर’ असं सुटं सुटं कोणी म्हणतच नाही, ‘हामवा’ नाहीतर ‘हामर’ असलं काहीतरी कानावर पडतं. म्हणून मी पुस्तकं बाजूला ठेवली आणि जर्मन लोकांनी जर्मन लोकांसाठी केलेले व्हिडिओ बघायला लागले. कळो न कळो, न थांबवता. हळूहळू कान तयार झाला.”

“कान व्हिडिओंनी तयार केला की रोज आठ तास तुझ्याशी बोलणाऱ्या रुग्णांनी?”

“दोघांनी. पण व्हिडिओ नसते तर रुग्णांचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. रुग्णासमोर उभं असताना भीती असते. आपल्याला कळलं नाही तर त्याला त्रास होईल, ही भीती. पडद्यावरचा माणूस माझ्याकडून काही मागत नाही, म्हणून तिथे मी मोकळेपणाने ऐकू शकते.”

तिचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि माझी हरकत नेमकी तिथेच सुरू होते. पडद्यावरचा माणूस काही मागत नाही म्हणजे तो उत्तराचीही वाट बघत नाही. आपण नुसतं ऐकत राहतो आणि समजतंय या समाधानात बोलणं होतं तिथेच राहतं. मी तिला कॅनडाचं उदाहरण दिलं. तिथे इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत वर्षानुवर्षं बसत होती. ऐकून समजण्यात ती फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोचली, पण त्यांच्या बोलण्या-लिहिण्यातल्या व्याकरणाच्या चुका राहूनच गेल्या. भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ साली त्यावरून मांडलं की ऐकताना अर्थ लागला की मन पुढे जातं, शब्दांची रूपं बघत बसत नाही. वाक्य स्वतः जुळवायची वेळ येते तेव्हाच आपलं काय कच्चं आहे ते उघडं पडतं.

“तुम्हीच आम्हाला स्टीफन क्रॅशनही शिकवले होते,” ती म्हणाली. “समजेल असं भरपूर कानावर पडलं की बोलणं मागून येतं, असं त्यांचं म्हणणं ना?”

“हो, पण जर्मनच्या बाबतीत एक अडचण आहे. विभक्ती सगळी आर्टिकलच्या टोकाला असते आणि जर्मन माणूस बोलताना नेमकं तेच टोक गिळतो. ‘आइनेम’चं ‘नेम’ होतं, ‘आइनेन’चं ‘नेन’ नाहीतर नुसतं ‘न’. शंभर तास ऐकलंस तरी डाटिफ आणि आकुझाटिफ कानात शिरणार नाहीत, कारण पुरते उच्चारलेच जात नाहीत. आणि अर्थ तर त्यांच्यावाचून लागतो. मग त्यांच्याकडे लक्ष जाणार कसं? थांबवलं, लिहून काढलं, मागे जाऊन पुन्हा ऐकलं, तरच.”

यावर ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “रुग्णाच्या नोंदी लिहिताना माझ्या अजून याच चुका होतात.”

मग बातम्यांचा विषय निघाला. ‘टागेसशाऊ’ १९५२ पासून चालू आहे. रात्री आठचं बातमीपत्र, पंधरा मिनिटांचं. प्रगत वर्गातला प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो, कारण उच्चार स्वच्छ आणि मांडणी नेटकी. तिला ते मुळीच मान्य नव्हतं.

“ते बोलणं नाहीच, मॅडम. ते लिहिलेलं आहे आणि कोणीतरी ते वाचून दाखवतं. एकेका वाक्यात चार चार नामं, सगळं कर्मणी, आणि मंत्री काय म्हणाले ते सांगायला कोन्युंक्टिफ. माझ्या वॉर्डात कोणीच कोन्युंक्टिफ आइन्स वापरत नाही.”

“वॉर्डात नाही वापरत. पण नोकरीचा करार, विमा कंपनीचं पत्र, परदेशी नागरिक कार्यालयाची नोटीस कुठल्या भाषेत येते? त्याच. सी-१च्या परीक्षेतले उतारेही त्याच भाषेत असतात. टागेसशाऊ ऐकणं म्हणजे डोळ्यांऐवजी कानाने वाचणं, असं मी वर्गात सांगते. त्यातून गप्पा मारता येणार नाहीत, पण पत्र आल्यावर हात कापणार नाहीत.”

तिने हे मान्य केलं, पण पुरतं नाही. बातम्यांतून प्रगत भाषेचं एकच अंग दिसतं आणि पुण्यातले वर्ग त्यालाच सगळं अंग समजतात, असं ती म्हणते. वर्गांबद्दलचं तिचं हे म्हणणं बरोबर आहे. लिखित आणि बोली जर्मनमधलं अंतर मोठं आहे आणि ते बी-२पर्यंत झाकलेलं राहतं. ते उघडं करून दाखवणारं एक साधन मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. ते म्हणजे जर्मन संसद. बुंडेसटागमधली प्रत्येक चर्चा व्हिडिओवर मिळते आणि त्याच चर्चेचा लघुलेखकांनी घेतलेला अधिकृत वृत्तान्तही मिळतो. दोन्ही फुकट, पुण्यात बसूनही. वृत्तान्तात कोणत्या पक्षाच्या बाकांवरून टाळ्या पडल्या, कोण मध्येच ओरडलं, काय ओरडलं, हेही कंसात नोंदलेलं असतं. पण लघुलेखक बोलणं जसंच्या तसं उतरवत नाहीत. अडखळणं गाळतात, तुटलेलं वाक्य सांधतात, चुकलेलं रूप दुरुस्त करतात. मी मुलांना तीन मिनिटांचा तुकडा देते. आधी व्हिडिओ ऐकून जे ऐकू आलं ते लिहायचं, मग वृत्तान्त शेजारी ठेवायचा. जिथे जिथे फरक पडतो तिथे दोनच शक्यता असतात. एक तर आपला कान चुकला, नाहीतर बोलणारा प्रमाण वाक्यरचनेपासून सुटला आणि लघुलेखकाने त्याला परत आणलं. यातलं काय झालं हे ठरवता येणं म्हणजे सी-१. जर्मन क्रियापदांचे उपसर्ग या कामात चांगले सापडतात. आपण मराठी माणसं क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायला सरावलेलो असतो, त्यामुळे गौण वाक्यं आपल्याला जड जात नाहीत. पण मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येऊन गेलेलं असतं आणि अर्थ पालटणारा उपसर्ग दोन ओळी उलटल्यावर येतो. क्रियापद आलं म्हणून कान सैल पडलेले असतात आणि उपसर्ग निसटतो. संसदेतल्या लांबलचक वाक्यांत हे पुनःपुन्हा होतं आणि मुलांना ते स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कागदावर दिसतं.

“हे मला तेव्हा का नाही दिलंत?” तिने विचारलं.

“तेव्हा तू बी-२ला होतीस. बी-२ला हे दिलं तर मुलं घाबरून सोडून देतात.”

“आणि सी-१ला आम्ही तुमच्याकडे राहतच नाही. बहुतेक राज्यांत नर्सला बी-२ पुरतं. विमान पकडतो आणि पुढचं सगळं एकट्याने.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रगत जर्मन शिकणाऱ्यांतले बहुतेक जण आता वर्गात नसतातच. पाळी संपवून, थकून, खोलीवर एकटे मोबाइल हातात घेऊन शिकतात. अशा माणसाला संसदेचा वृत्तान्त शेजारी घेऊन बस म्हणणं माझ्या घरबसल्या सोपं आहे.

मग मी दुसरा मुद्दा काढला. तो मला याहून गंभीर वाटतो. जर्मन यूट्यूबवर जवळपास सगळेच प्रेक्षकांना ‘डू’, म्हणजे तू, म्हणतात. विज्ञान समजावणारा, स्वयंपाक शिकवणारी, रस्त्यात लोकांना गाठून प्रश्न विचारणारे, सगळे. व्हिडिओवर वाढलेलं जर्मन म्हणून ‘डू’मध्येच वाढतं. तू-तुम्हीचा भेद मराठी माणसाला जन्मापासून ठाऊक असतो, पण आपली वाटणी वेगळी. आई, आजी, आत्या यांना आपण तू म्हणतो, वडिलांना पुष्कळ घरांत तुम्ही, आणि कामवाल्या मावशींना कोणी काय, कोणी काय. जर्मन रुग्णालयात सहकारी एकमेकांना ‘डू’ म्हणतात आणि रुग्णाला, तो स्मृतिभ्रंशाने लहान मुलासारखा वागत असला तरी, ‘झी’च, म्हणजे तुम्हीच, म्हणायचं असतं. व्हिडिओ हे सांगत नाही. कुठला शब्द कोणापुढे चालतो हे ठरवायला समोर नातं लागतं, आणि पडद्यावरच्या माणसाशी आपलं नातं नसतं.

“असं झालंय माझ्याकडून,” ती म्हणाली. “व्हिडिओत सारखं ऐकलेला एक शब्द मी वरिष्ठ सिस्टरसमोर वापरला. सोळा वर्षांच्या पोरांच्या तोंडचा शब्द होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्याकडे बघत राहिल्या. पण मॅडम, ‘डू’ आणि ‘झी’ शिकवणारे व्हिडिओही आहेत, फक्त ते यूट्यूबवर शिकवणाऱ्यांचे नसतात. ‘टाटओर्ट’ बघा.”

‘टाटओर्ट’ ही १९७० पासून रविवारी रात्री सव्वाआठला लागणारी पोलीस तपासाची मालिका. दर भाग दीड तासाचा, प्रत्येक शहराचे आपापले तपास अधिकारी. ती म्हणते त्यात तथ्य आहे. चौकशीच्या खोलीत ‘झी’, दोन अधिकाऱ्यांत कधी ‘डू’ तर कधी वर्षानुवर्षं ‘झी’, साक्षीदाराच्या स्वयंपाकघरात चहा पिताना मवाळ झालेला पण तरी ‘झी’च. शिवाय एखादा संशयित चिडून अधिकाऱ्याला ‘डू’ म्हणतो तेव्हा खोलीतली हवा बदलते आणि प्रेक्षकाला ती बदललेली कळते. हे पुस्तकातल्या तक्त्यातून कळत नाही. तीच गोष्ट ‘दोख’, ‘हाल्ट’, ‘एबेन’, ‘माल’ या बारक्या शब्दांची. आपले ‘ना’, ‘की’, ‘बरं’ जसे शब्दकोशातून उमगत नाहीत तसे तेही नाहीत. त्यांची जागा नाट्यातून, माणसाच्या चेहऱ्यावरूनच कळते. मी त्यासाठी वर्गात जर्मन विनोदकार लोरियोची प्रहसनं दाखवते, उकडलेल्या अंड्यावरून नवराबायकोचं वाजतं ते विशेषतः. संवादातले शब्द ए-२च्या मुलाला समजतील इतके सोपे आहेत. विनोद मात्र सी-१च्या मुलांनाही दुसऱ्यांदा बघताना कळतो.

“दुसऱ्यांदा ना? म्हणजे एकदा सलग बघू देताच की तुम्ही,” ती म्हणाली.

बोलीभाषेबद्दल मात्र आमच्यात फारसा वाद झाला नाही. स्वित्झर्लंडमधला ‘टाटओर्ट’ स्विस बोलीत चित्रित होतो आणि जर्मनीत दाखवताना प्रमाण जर्मनमध्ये डब केला जातो, म्हणजे जर्मन प्रेक्षकालाही ती बोली झेपेल असं वाहिनीला वाटत नाही. स्विस दूरचित्रवाणीवर बातम्या प्रमाण जर्मनमध्ये येतात आणि लगेच मागून हवामान मात्र बोलीत. युरोपीय भाषा-आराखड्यातही सी-२च्या माणसाला कुठलंही बोलणं समजावं असं म्हणताना एक सवलत ठेवलेली आहे, अपरिचित उच्चाराशी ओळख व्हायला थोडा वेळ मिळाला तर. मग बी-२ घेऊन गेलेल्या मुलीला पहिल्या सकाळी आजोबांचं बोलणं कळलं नाही तर त्यात तिची काय चूक? जायचं गाव ठरलं की त्या भागातल्या वाहिनीचे कार्यक्रम बघायला लागावं, बव्हेरियासाठी बीआर, नैर्ऋत्येसाठी एसडब्ल्यूआर, आणि बोलावं मात्र प्रमाण जर्मनच, यावर आमचं एकमत आहे.

आणि इथेच तिने मला ती गोष्ट सांगितली जी तिने आधी कधी सांगितली नव्हती. तिचे वडील मिरज जंक्शनला पॉइंट्समन होते. लहानपणी घरात सगळ्या गप्पा गाड्यांच्या, सांध्यांच्या आणि बार्शी लाइनच्या जुन्या नॅरोगेजच्या. जर्मनीत गेल्यावर तिला एसडब्ल्यूआरवर ‘आयझेनबान-रोमांटिक’ सापडलं, १९९१ साली सुरू झालेली रेल्वेवरची मालिका. त्यात अपर श्वाबियातल्या ‘अ‍ॅक्सले’ या साडेसातशे मिलिमीटरच्या नॅरोगेजबद्दल तिने बघितलं. वडिलांच्या तोंडून ऐकलेली बार्शी लाइन अडीच फुटांची, म्हणजे जवळजवळ तेवढीच. मग ती पाळीहून आल्यावर दुसरं काही बघेना.

“असल्या जुन्या गाड्या हौशी मंडळी चालवतात, मॅडम. पुष्कळसे निवृत्त. सत्तरीचे. कोळसा टाकता टाकता कॅमेऱ्याशी आपल्या बोलीत बोलतात.”

“म्हणजे तुझ्या रुग्णांच्या वयाचे. आणि त्यांच्याच बोलीतले.”

“हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं,” ती म्हणाली.

तिचा कान न थांबवता बघितल्यामुळे तयार झाला, असं ती समजत होती. मला वाटतं तो एकाच विषयात राहिल्यामुळे तयार झाला. सांधा, बाष्पक, फलाट, चढ, ब्रेक हे शब्द प्रत्येक भागात परत येतात. विषय आधीच ओळखीचा असल्यामुळे भाषा अनोळखी असली तरी अर्थ हातून सुटत नाही. आज राजकारण, उद्या पाककृती, परवा गुन्हेगारी मालिका असं भटकणाऱ्याला प्रत्येक वेळी नवा शब्दसंग्रह भेटतो आणि जुना पुन्हा भेटत नाही. सी-१ गाठायचं असेल तर आधी आपला विषय निवडावा, आणि तो आपल्याला मराठीत जिव्हाळ्याचा असलेला असावा. शेती, क्रिकेटऐवजी फुटबॉल, पूल बांधणं, बेकरी, काहीही. जर्मन सार्वजनिक वाहिन्यांकडे प्रत्येक विषयावर काहीतरी असतंच. तिथलं प्रत्येक घर महिन्याला १८.३६ युरो त्यासाठी भरतं. हक्कांमुळे त्यातलं सगळं भारतातून उघडत नाही, पण जे उघडतं तेही आयुष्याला पुरेल.

“आणि तू नुसतं ऐकत नव्हतीस,” मी म्हटलं. “खरं सांग.”

“बोलायचे त्यांच्याबरोबर. त्यांच्या मागोमाग, हळू आवाजात. शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. आणि एकदा वॉर्डात एक निवृत्त रेल्वेवाले काका होते, त्यांना मी सांध्याची गोष्ट सांगितली. त्यांनी माझी तीन आर्टिकल्स दुरुस्त केली. ती मी अजून विसरले नाही.”

स्वेन म्हणतात ते याहून स्पष्ट कसं सांगायचं? पण मी तसं बोलले नाही, कारण त्या काकांशी बोलायचं धैर्य तिला मी शिकवलेल्या कुठल्याही सरावातून आलं नव्हतं. ते तिच्या आवडीतून आलं होतं, आणि आवड वर्गात देता येत नाही, फक्त तिला जागा करून देता येते.

सबटायटलवरून मात्र पुन्हा ठिणगी पडली. ती जर्मन सबटायटल कायम चालू ठेवते. माझं म्हणणं असं की अक्षर दिसलं की कान काम सोडतो. शिवाय सबटायटल बोलणं गाळून, आखडून लिहिलेली असतात, डब केलेल्या मालिकांत तर पुष्कळदा ऐकू येणारं वाक्य एक आणि खाली लिहिलेलं दुसरंच, आणि यंत्राने केलेली सबटायटल बोलीभाषेपुढे हात टेकतात.

“थकलेल्या माणसाला अक्षराचा आधार लागतो, मॅडम. सबटायटल काढली असती तर मी तिसऱ्या दिवशी बघणंच सोडलं असतं. मग कान कुठून तयार झाला असता?”

“आधी बिनसबटायटलचं, मग सबटायटल लावून, मग पुन्हा काढून.”

“अर्ध्या तासाचा भाग तीनदा?”

“तीन मिनिटं तीनदा.”

पुढच्या महिन्यात माझ्या सी-१च्या वर्गाला आम्ही दोघी मिळून एक भाग देणार आहोत, नॅरोगेजचाच. तिच्या हट्टाखातर आधी तो सलग बघायचा, कोणी थांबवायचा नाही. मग माझी तीन मिनिटं, वही-पेन घेऊन, शब्द न् शब्द. आणि मग प्रत्येकाने तिला फोनवर ‘झी’ म्हणून ती तीन मिनिटं सांगायची आणि ती मध्येच तोडून श्वेबिशमध्ये प्रश्न विचारणार. सलग बघताना सबटायटल लावायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही. ती म्हणते लावा, मी म्हणते नको.